राहून गेलेली दहावी आणि शेतातली कामे

(हिंगोली जिल्ह्याच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावाची चर्चा झाली, विजेची झाली, पीकविम्याची झाली. आता आम्ही शाळेचा विषय काढला की काहीजण चहाला उठतील, ही आमची पोरे शिकून मोकळी झाली आता आमचे काय, असे म्हणतील. उठणाऱ्यांनी खुशाल उठावे. आम्हाला पोरांच्या शाळेबद्दल बोलायचेच नाही. या मांडवात तीस, चाळीस, पन्नास वर्षांची जी माणसे बसली आहेत आणि ज्यांची शाळा चौथीत, सातवीत नाहीतर नववीत सुटली, त्यांच्याशी आम्हाला बोलायचे आहे.

शाळा का सुटली हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा दुसऱ्या गावाला, वाटेत ओढा, आणि मुलीला एकटी कशी पाठवायची. नाहीतर बाप आजारी पडला आणि थोरल्या पोराच्या हातात रुमणे आले. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. ज्याचे वय त्याआधीच उलटून गेले त्याला शाळेत परत बोलवायला कोणी येत नाही. त्याने आपणच जायचे असते.

आता जाऊन करायचे काय, असा प्रश्न आम्हाला गावोगाव विचारतात. साधी गोष्ट घ्या. २०२३ सालच्या शासन निर्णयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही जागांना बारावी पासची अट लागली. वयाची मर्यादा पस्तीस, विधवा भगिनींना चाळीस. म्हणजे गावात जागा निघते, गावचीच बाई पाहिजे असते, आणि गावातली हुशार, सगळ्यांची पोरे सांभाळणारी बाई नववी पास निघते. पोलीस पाटलाला दहावी लागते. १९९५ नंतर जन्मलेल्या माणसाला सरपंच व्हायचे तर सातवी पास असावे लागते. नोकरी बाजूला ठेवा. मोंढ्यात अडत्याची पट्टी हातात पडते, तिच्यावर हमाली, तोलाई, कटती काय लावली हे ज्याला वाचता येत नाही तो घरी येऊन पोराला विचारतो, आणि तोपर्यंत माल गेलेला असतो. सोसायटीच्या कागदावर सही कुठे करायची हे बोट दाखवून सांगितले जाते. वर काय लिहिले आहे ते कोणी सांगत नाही.

महात्मा फुल्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर गेली. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे म्हणून गाव आहे, तिथे २०१६ च्या महिलादिनाला आजीबाईंची शाळा भरली, गुलाबी लुगडी नेसून आज्या पाटी घेऊन बसल्या. मोठ्या माणसाने शिकणे ही आपल्याकडे काही विलायती टूम नाही. लाज वाटण्याचे कारण नाही. लाज वाटतेच, हेही आम्हाला माहीत आहे. पहिले पंधरा दिवस वाटते, मग कोणी बघत नाही.

आता कामाचे बोलू. दहावीला बाहेरून बसण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली आपल्या राज्य मंडळाची, जिला सगळे १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. नववीपर्यंत शिकलेले असलेच पाहिजे असे तिथे नाही. फॉर्म मंडळाच्या वेबसाइटवर भरायचा, आपल्या भागातली एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, आणि कागद त्या शाळेत नेऊन द्यायचे. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक हे सगळे त्याच शाळेत होते, म्हणून शाळा एसटीच्या रस्त्यावरची निवडा. दहावी पास असून पुढे न शिकलेला माणूस याच फॉर्मने कला शाखेतून बारावीलाही बसू शकतो, मध्ये अकरावीचा वर्ग करावा लागत नाही.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. ही केंद्र सरकारची संस्था, १९८९ साली स्थापन झाली, आणि तिची दहावी-बारावी कायदेशीर आहे. तिथे विषय पाच. एक भाषा घ्यावीच लागते, पण ती इंग्रजीच पाहिजे अशी सक्ती नाही, दहावीला मराठी माध्यमही आहे. पास व्हायला शंभरात तेहतीस. वर्षातून दोनदा परीक्षा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय जमा राहतो, म्हणजे एका खेपेला दोनच विषय द्यायचे असतील तर तसे देता येतात. आठवी पासचा दाखला नसेल तर आपल्याला दहावीचा अभ्यास झेपेल असे स्वतः लिहून दिले तरी चालते. बायांना शुल्क कमी आहे. मात्र सोपे विषय घेताना पुढचा विचार करा. गणित सोडले तर दहावी मिळेल, पण पुढे ज्या ज्या ठिकाणी गणित मागतात ती दारे बंद होतील. ज्याला पुढे तांत्रिक शिक्षणाकडे जायचे आहे त्याने गणित सोडू नये. ज्या बाईला बारावी करून अंगणवाडीत लागायचे आहे तिने गणितात तीन वर्षे घालवण्यातही अर्थ नाही.

जे दहावीला बसून नापास झाले आहेत त्यांनी १७ नंबरच्या मागे लागू नये. ज्या शाळेतून बसला होता तिथे जुने गुणपत्रक घेऊन जा आणि पुनर्परीक्षार्थी म्हणून बसण्याचे विचारा. पास झालेले विषय कशाला पुन्हा द्यायचे?

यातली कोणती वाट घ्यायची हे लोक शुल्क बघून ठरवतात. आमचे म्हणणे असे की आधी पीक बघून ठरवा. राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. आपल्या वसमत, औंढा भागात त्या वेळी काय चालू असते? हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी. बॉयलर ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी शिजवावे लागते, तो काही तुमचा इंग्रजीचा पेपर बघून येत नाही. त्यातच हरभरा सोंगायला येतो. ज्याच्या घरी दोन एकर हळद आहे आणि माणसे दोनच आहेत, त्याने मार्चची परीक्षा धरली तर तो एकतर हळद बिघडवील नाहीतर पेपर. त्याला एनआयओएसची एप्रिल-मेची परीक्षा बरी. हळद वाळून पोत्यात गेलेली असते, पेरणीला अवकाश असतो. ऊन असते आणि लग्ने असतात, एवढेच. लग्नांचे काय करायचे ते ज्याचे त्याने बघावे.

उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा सोयाबीनवाल्याने धरू नये. सोयाबीन काढणीचे ते दिवस, वर परतीच्या पावसाची भीती, आणि कापूस असेल तर पहिली वेचणी. ज्याच्याकडे कोरडवाहू सोयाबीन-तूर आहे आणि हळद नाही, त्याला फेब्रुवारी-मार्च चालेल, कारण तूर जानेवारीपर्यंत घरात येते. ऊसतोडीला जाणारे दिवाळीपासून मार्चपर्यंत गावात नसतात. त्यांनी राज्य मंडळाच्या मुख्य परीक्षेच्या नादाला लागू नये, उन्हाळ्याची परीक्षा धरावी, आणि पुस्तके कोपीवर सोबत न्यावीत.

बहुतेक प्रौढ विद्यार्थी बुद्धीने कमी पडून गळत नाहीत. आम्ही तालुक्यातले चार-पाच कार्यकर्ते काही वर्षे हे फॉर्म भरून देण्याचे काम करतो आहोत, आणि आम्ही हेच पाहिले की माणूस पेपरच्या दिवशी गळतो, कारण त्या दिवशी शेतात काम उभे असते. म्हणून आजच घरी जाऊन कॅलेंडरवर आपली पिके मांडा, आणि मग परीक्षा निवडा.

आता कागदांचे. सगळ्यात जास्त चकरा इथे होतात. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो तुम्ही शेवटी ज्या शाळेत होता तिथे मिळेल, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तुमचे नाव आहे. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत मिळते, तिच्यासोबत शपथपत्र द्यावे लागते. बहिणींची अडचण वेगळी. दाखला माहेरच्या शाळेत, माहेरच्या नावाने, आणि आधारकार्ड सासरच्या नावाने. ही दोन नावे बघून खिडकीवरचा माणूस फॉर्म परत करतो. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून काढून ठेवा, शक्य असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या. आणि लक्षात घ्या, परीक्षेचे प्रमाणपत्र दाखल्यावरच्या नावानेच येणार, त्यात काही चुकीचे नाही. जन्मतारखेचे मात्र आधीच बघून घ्या. जुन्या गुरुजींनी कित्येकांची जन्मतारीख एक जूनच लिहून ठेवली आहे आणि आधारवर दुसरीच पडली आहे. दाखल्याप्रमाणे आधार दुरुस्त करून घेणे हे फॉर्म भरण्याआधीचे काम आहे. दिवाळीला माहेरी जाल तेव्हा भाऊबीजेच्या ओवाळणीत भावाला म्हणावे, यंदा साडी नको, शाळेतून दाखला आणून दे.

पैशाचे गणित बघू. १७ नंबरचे फॉर्म साधारण पावसाळ्यात भरले जातात. शेतकऱ्याच्या खिशात पैसा नसण्याचे ते दिवस. बी-खतात सगळे गेलेले असते आणि माल निघायला तीन महिने असतात. तेव्हा फीसाठी हात पसरला की सावकार आहेच, आणि आता आठवड्याच्या हप्त्याचे कर्जवालेही दारात येतात. सावकाराचे शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस. दहा हजारांवर वर्षाला तीन हजार सहाशे. शिक्षणासाठी या दराने कर्ज काढू नका. माल विकाल त्या दिवशीच शाळेचे पैसे बाजूला काढा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. बाजारात त्याच्या खालीच विकावे लागले, ते दुखणे सकाळी बोलून झाले आहे. तरीसुद्धा अर्ध्या क्विंटलचे पैसे पोस्टाच्या खात्यात पडले, तर फॉर्म, परीक्षेची फी आणि जाण्यायेण्याचे भाडे यांचा मोठा भार हलका होतो. ज्यांच्याकडे माल नाही, मजुरीच आहे, त्यांनी रोज पाच रुपये डब्यात टाकले तर वर्षाचे १,८२५ होतात. ज्या बहिणींना सरकारचे महिन्याचे पंधराशे मिळतात त्यांनी एक हप्ता स्वतःच्या नावावर खर्च करावा. एकच म्हणतो आम्ही. बाकीचे हप्ते घरात कुठे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. उसने घ्यायचेच झाले तर बचत गटातून घ्या.

पुस्तकांवर पैसे घालू नका. बालभारतीची पुस्तके तिच्या वेबसाइटवर फुकट उतरवून घेता येतात, एनआयओएसचीही. छापील हवी असतील तर गावात यंदा दहावी झालेले पोर बघा आणि त्याच्याकडून घ्या, फक्त अभ्यासक्रम बदललेला नाही ना हे विचारून घ्या. एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धे तिकीट आहे, परीक्षेला जाताना त्याचा फायदा होतो. मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी दहावीनंतर शिष्यवृत्तीची चौकशी महाडीबीटीवर करावी. वय झाले म्हणून आपल्याला मिळणारच नाही असे घरी बसून ठरवू नये.

आणि एक इशारा. तालुक्याच्या स्टँडवर, विजेच्या खांबावर पाट्या लागलेल्या असतात, दहावी पासची हमी, घरी बसून, परीक्षा न देता. त्यांच्या वाऱ्याला उभे राहू नका. कुठल्यातरी नावाचे मंडळ असते, प्रमाणपत्र छान चकचकीत असते, आणि भरतीच्या वेळी तपासणीत ते बाद होते. पैसे गेले, वर्ष गेले, आणि वर खोटे प्रमाणपत्र दिल्याची भानगड. मंडळ मान्यतेचे आहे की नाही हे जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. आणि खऱ्या मंडळाचा फॉर्म भरून देणाऱ्यालाही पावतीवर छापले आहे तेवढेच द्या, वर चहापाणी नाही.

अभ्यास कसा करायचा, हा प्रश्न उरला. मोठ्या माणसाला पाठ होत नाही, हे खरे, पण ते अर्धेच खरे. पोरासारखे घोकून होत नाही. समजले की मात्र पोरापेक्षा पक्के राहते, कारण आपल्याकडे ते जोडायला जागा असते. गणिताचेच बघा. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. म्हणजे १,०८९ चे वर्गमूळ तेहतीस. हे तुम्हाला ठाऊकच होते, फक्त त्याला वर्गमूळ म्हणतात हे ठाऊक नव्हते. लिटरला दोन मिली औषध, पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली, हेच गुणोत्तर आणि प्रमाण. सावकाराचा शेकडा तीन हा शेकडेवारीचा धडा. पुस्तकातले उदाहरण अडले की त्याच्या जागी आपल्या वावरातले घालून बघा.

वाचताना एक सवय लावा. धड्याचे एक पान वाचले की पुस्तक मिटा आणि काय वाचले ते घरातल्या कोणालातरी मोठ्याने सांगा. ऐकायला कोणी नसेल तर म्हशीला सांगा, ती मध्येच उठून जात नाही. जे सांगता आले नाही तेवढेच परत वाचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, आठवड्याने पुन्हा एकदा. डोळ्यांनी दहा वेळा वाचण्यापेक्षा हे बरे. तासभर सलग बसायला कोणालाच मिळणार नाही, म्हणून वीस मिनिटांचे तुकडे पाडा. रात्रपाळीची लाईट असते त्या आठवड्यात आखाड्यावर मोटर चालू करून दारे फिरेपर्यंत बसावेच लागते. तिथे बॅटरीच्या उजेडात एक पान होते. कवितेचा किंवा इतिहासाचा धडा पोराकडून मोबाइलवर वाचून भरून घेतला तर निंदताना कानावर पडतो.

लिहिण्याकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. वीस वर्षे हातात खुरपे आहे, पेन नाही. राज्य मंडळात भाषेचा पेपर तीन तासांचा, गणित-विज्ञानाचे दोन-दोन तासांचे. माणसाला उत्तर येत असते आणि बोटे आखडतात. परीक्षेच्या आधी तीन महिने रोज एक पान लिहा, काहीही लिहा, दुधाचा हिशेब लिहा, मजुरांची हजेरी लिहा. शेवटच्या महिन्यात जुना पेपर घेऊन घड्याळ लावून पुरा सोडवा. चष्मा लागला असेल तर तो आधी करा. अक्षर दिसत नाही म्हणून डोके दुखते आणि माणूस म्हणतो मला अभ्यास झेपत नाही.

एकट्याने करू नका. गावात चौघीजणी मिळाल्या तरी पुरे, देवळाच्या ओट्यावर नाहीतर शाळेच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी बसा. मुख्याध्यापकांना किल्ली मागा, बहुतेक देतात. गावातली बारावीची पोर इंग्रजी शिकवील.

आणि आता पुरुषांना. बाई शिकायला बसली की घरातले पहिले वाक्य असते, स्वयंपाक कोण करणार. भाकरी थापता येत नसेल तर खिचडी टाका, धारा काढा, पोरांना झोपवा. परीक्षेच्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका. सासूबाईंनाही आमची विनंती आहे, सून पुस्तक घेऊन बसली म्हणजे ती काम चुकवते असे नाही. तुमची नातवंडे तिच्याकडे बघत असतात. घरधनी शिकायला बसला तर बायकोने काय करायचे हे आम्ही सांगत नाही, ती सांगण्याआधीच करते.

बारावी झाल्यावर पुढे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ साली निघालेले, नोकरी-शेती करत पदवीला बसणाऱ्यांसाठीच. त्याच्याबद्दल पुढच्या बैठकीत बोलू, आज दहावीचेच पुरे.

जेवणाची सुट्टी झाली की आम्ही मांडवाच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ वही घेऊन बसणार आहोत. ज्यांना बसायचे आहे त्यांनी नाव, गाव, शेवटची शाळा, कितवीत सोडली आणि यंदा वावरात काय आहे एवढे सांगावे. पीक आणि परीक्षा तिथेच जुळवून बघू. दाखला कोणाकडे आत्ता नसला तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची नावे आम्ही लिहून घेऊ.